एकाने वाटावे, दुसऱ्याने उचलावे

ज्यांच्या घरी एकच मूल आहे त्यांना मी सुखी समजतो. ज्यांच्या घरी एक मुलगा आणि एक मुलगी आहे त्यांना भाग्यवान समजतो. आणि ज्यांच्या घरी तीन वर्षांच्या अंतराने झालेले दोन मुलगे आहेत त्यांच्याविषयी मी काहीच बोलत नाही. नुसता जवळ जाऊन त्यांचा हात हातात घेतो.

आम्ही या तिसऱ्या वर्गातले. थोरले चिरंजीव दहा वर्षांचे, धाकटे सात वर्षांचे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे आणि त्याचे निम्मे हप्ते अजून फिटायचे आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवतो. निवृत्तिनाथांनी आपल्या धाकट्या भावाचे गुरुपद कसे पत्करले आणि त्या धाकट्या भावाने ज्ञानेश्वरीत ठायी ठायी थोरल्यापुढे मस्तक कसे नमवले, हे वर्गात सांगताना माझा स्वतःचाच कंठ दाटून येतो. तसाच दाटलेला कंठ घेऊन मी संध्याकाळी साडेसहाला घरी पोचतो, बेल वाजवतो आणि दाराआडून पहिले वाक्य ऐकू येते, "बाबा, आधी माझं ऐक!"

दार मात्र लवकर उघडत नाही. कारण ते कोणी उघडायचे यावरून आत मारामारी चाललेली असते.

तिथपासून पाने मांडली जाईपर्यंत आमच्याकडे न्यायालय भरते. दावे कसले कसले असतात म्हणून सांगू? लिफ्टचे बटण सकाळी त्याने दाबले, म्हणून संध्याकाळी मी दाबणार होतो, तर त्याने पुन्हा दाबले. टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे बावीस मिनिटे होता आणि माझ्याकडे एकोणीसच. त्याच्या चकलीला चार वेढे आहेत आणि माझ्या चकलीला साडेतीन. आईने त्याला 'राजा' म्हटले आणि मला नुसती नावाने हाक मारली. एकदा धाकट्याने फिर्याद आणली, "बाबा, तो माझ्याकडे बघतोय." मी थोरल्याला दरडावून विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "मी बघतोय हे त्याला कसं कळलं? म्हणजे तोच आधी माझ्याकडे बघत होता!" या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेले नाही. दोन्ही पक्षांना समज देऊन मी तो खटला काढून टाकला.

आमची सौभाग्यवती बँकेत नोकरी करते. दिवसभर लोकांचे हिशेब जुळवून आल्यावर घरचे हिशेब ती माझ्याकडे सोपवते आणि "आले बरं का रामशास्त्री!" एवढे बोलून आपल्या कामाला लागते.

पण रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट निराळी होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. निकाल द्यावा आणि वाईला निघून जावे, अशी सोय त्यांना होती. मला रोज सात निकाल द्यावे लागतात आणि पुणे सोडता येत नाही. तशी वाई मलाही आहे. माझे सगळे बालपण तिथलेच. परंतु गेल्या दिवाळीपर्यंत दोन वर्षे आमच्या घरात वाईचे नाव जरा जपूनच निघत होते. ते का, हे ओघाने येईलच.

आमच्या न्यायालयाचा कायदा मात्र वाईहूनच आलेला आहे. त्याला कलम एकच, आणि ते माझ्या आईने घातलेले. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचे कौलारू घर. वडील शिक्षक. घरात पाहुण्यांची वर्दळ, आणि पाहुणे गेल्यावर डब्यात नेमका एकच लाडू उरायचा. आम्ही भाऊ दोन. मग आई आमच्यापैकी एकाच्या हातात सुरी द्यायची आणि म्हणायची, "एकाने वाटायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं." बस्स. पुढे ती बघायचीसुद्धा नाही. ज्याच्या हाती सुरी, त्याला पक्के ठाऊक असे की, मोठा तुकडा झाला तर तो समोरचा उचलणार. त्यामुळे तो लाडू असा कापला जाई की, सोनाराने मान डोलवावी.

ही गोष्ट मी एकदा स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा गणिताचे एक सहकारी खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "अहो, यावर फार मोठं काम झालंय. पोलंडात श्टाइनहाउस म्हणून एक गणिती होता. दोघांची रीत तर जुनीच आहे. पण वाटेकरी तीन असले तर काय, असा प्रश्न त्याने घेतला. मग बानाख आणि क्नास्टर या दोघांनी कितीही वाटेकऱ्यांसाठी उत्तर काढलं. १९४८ साली छापून आलं ते." मी म्हटले, "आमची आई चौथीपर्यंत शिकली होती, म्हणून ती दोघांवर थांबली." तिसऱ्या वाटेकऱ्याचा प्रश्न आमच्याकडे उद्भवणार नाही, हेही मी त्यांना लगेच सांगून टाकले.

माझ्या घरी हे कलम लागू झाले आणि पहिला आठवडा फार शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यात थोरल्याने कंपासपेटीतली पट्टी काढून करंजी मोजली, मधोमध पेन्सिलीची खूण केली आणि मग सुरी चालवली. करंजीचे दोन तुकडे अगदी सारखे झाले. पण त्या खटपटीत आतले सारण सांडले. ते याचेही नव्हते आणि त्याचेही नव्हते, त्यामुळे ते मुंग्यांचे झाले.

नंतर थोरल्याने नवाच मुद्दा काढला. "मी मोठा आहे, मला जास्त मिळायला पाहिजे." आता आली का पंचाईत! कारण या दाव्याला शास्त्राधार आहे. मनुस्मृतीने थोरल्या भावाला विसावा हिस्सा अधिक देऊ केलेला आहे. सुदैवाने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, विज्ञानेश्वर नावाचे पंडित होऊन गेले. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या 'मिताक्षरा' टीकेत त्यांनी स्पष्ट सांगितले की, असली विषम वाटणी शास्त्रात असली तरी लोकांना ती रुचत नाही, म्हणून ती करू नये. मी हा सगळा निवाडा मुलांना समजेल अशा मराठीत सांगितला. धाकट्याने तो कान देऊन ऐकला आणि विचारले, "बाबा, विज्ञानेश्वर धाकटे होते का?"

आईच्या कायद्यात एकच पळवाट होती आणि ती आंब्याच्या दिवसांत उघडी पडे. आंबा कापला की दोन बाजूंना दोन फोडी होतात. त्या वाटता येतात. पण मधली कोय? ती कापता येत नाही, आणि खरी गोडी तर तिलाच! दोन भाऊ आणि एक कोय. पोलंडच्या गणितज्ञांनीही हात टेकले असते. पण आमच्या वाईच्या घरात कोयीवरून कधी भांडण झाले नाही, कारण दादा दरवेळी म्हणायचा, "मला नको. कोय चोखली की माझे दात शिवशिवतात." मग मी ती कोय घेऊन मागच्या पायरीवर बसायचो आणि कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर, ती पांढरी होईस्तोवर चोखायचो. बिचाऱ्या दादाचे दात इतके नाजूक, याचे मला वाईटही वाटायचे.

तोच दादा संक्रांतीच्या सुमारास उसाचे अख्खे कांडे दातांनी सोलून खायचा. या दोन गोष्टींचा मेळ घालायला मला चाळीस वर्षे लागली.

मी भाषेचा मास्तर. शब्दांशी खेळायची मला खोड आहे. 'माणूस' या शब्दाला 'की' जोडा, 'माणुसकी' होते. माणसाच्या अंगी जे जे चांगले, ते सगळे तिच्यात येते. आता तीच 'की' 'भाऊबंद' या शब्दाला जोडून पाहा. काय होते? 'भाऊबंदकी'! प्रत्यय तोच; पण माणसाला लागला तर सोने होतो आणि भावाला लागला तर कोर्टाची पायरी दाखवतो. खाडिलकरांनी १९०९ साली राघोबादादांच्या कारस्थानावर नाटक लिहिले, तेव्हा त्याला नाव द्यायला त्यांना फार शोधाशोध करावी लागली नसेल. आपल्या पंचांगाचेही तसेच. बहीण-भावांसाठी त्यात भाऊबीज आहे, राखीपौर्णिमा आहे. नवराबायकोसाठी पाडवा आहे. बैलांसाठी पोळा आहे. दोन भावांनी एकमेकांकडे जावे, असा एकही दिवस पूर्वजांनी ठेवलेला नाही. त्याची गरज नाही असे त्यांना वाटले, की उपयोग नाही असे वाटले, कोण जाणे!

वर्गात हे उदाहरण दिले की मुले हसतात. गेली काही वर्षे मी ते देत नाही.

वडील आधीच गेले होते. आई गेली त्यालाही आता पाच वर्षे होतील. पुढच्याच पावसाळ्यात वाईच्या घराचे एक वासे मोडले आणि दादाने मला फोन करून दुरुस्तीचा निम्मा खर्च मागितला. मागणे रास्त होते. पण त्याच महिन्यात फ्लॅटचा हप्ता वाढला होता, आणि मी म्हणालो, "आधी घर कोणाचं किती ते ठरू दे, मग खर्चाचं बघू." बोलायला हे वाक्य दोन सेकंद लागले असेल. पुढची दोन वर्षे आम्ही दोघे त्या वाक्याचेच व्याज भरत बसलो. फोनची जागा पत्रांनी घेतली आणि पत्रांची वकिलांनी. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "बहीण आहे का? २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे." मी म्हटले, "नाही." वकील म्हणाले, "मग सोपं आहे." वकिलांच्या दृष्टीने ते सोपे असेल. मला मात्र घरी परतताना वाटले की, बहीण असती तर निदान वर्षातून एकदा तिने आम्हा दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवले असते.

जागा दोन गुंठे. म्हणजे प्रत्येकी एक गुंठा, तेहेतीस फूट लांब नि तेहेतीस फूट रुंद. वाटायचे कसे, यावर वकिलांनी बरेच तोडगे सुचवले, पण शेवटी दादाच म्हणाला, "आईच्या रीतीने करू. मी रेघ मारतो, त्याने उचलावं." दादाने रेघ मारली. मी आधी उचलले. रस्त्याकडची बाजू उचलली, कारण उद्या विकायची म्हटली तर तिलाच भाव येणार. ओटा, ओसरी, पुढचे दार आणि निम्मे माजघर माझ्याकडे आले. उरलेले माजघर, आईचे स्वयंपाकघर आणि मागची पायरी दादाकडे गेली. माजघराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. पुढच्या दाराला मी कुलूप लावले आणि पुण्याला निघून आलो. तेव्हापासून दादा, वहिनी आणि माझी पुतणी मागच्या बोळातून ये-जा करू लागली.

माझ्यावर अन्याय झाला, असे मला म्हणता येत नव्हते. दादालाही तसे म्हणता येत नव्हते. आईची रीत अचूक निघाली. तेहेतीस फुटांत एका इंचाची तक्रार करायला जागा नव्हती. आणि तिथेच सारे घोडे अडले. अन्याय झाला असता, तर भांडायला म्हणून का होईना आम्ही एकमेकांच्या दारी गेलो असतो. वाटणी इतकी चोख झाली की, बोलण्यासारखे काही उरलेच नाही.

माझ्या मुलांना सख्खी बहीण नाही. दादाची मुलगी त्यांची ताई. दर भाऊबीजेला ती दोघांना ओवाळायची, ती वाटणीपर्यंत. पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितले, रस्त्याला फार गर्दी आहे. दुसऱ्या वर्षी सांगितले, ताईची दहावी आहे. मुलांनी दोन्ही कारणे मान्य केली. मुले मोठ्या माणसांची कारणे फार लवकर मान्य करतात. त्याने आपल्याला हायसे वाटते. वाटू नये, पण वाटते.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो.

सहामाही परीक्षा संपली त्याच दिवशी आमच्या चिरंजिवांनी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत किल्ला बांधायला घेतला. विटांचे तुकडे जमले, दगड जमले, रखवालदाराकडून एक जुने गोणपाट मिळाले, कुंड्यांतली माती आईची नजर चुकवून खाली गेली. दोन दिवसांत डोंगर उभा राहिला, त्यावर हळीव पेरले गेले. चिखल इतका झाला की, मुले कोणती आणि किल्ला कोणता हे जवळ गेल्याशिवाय कळत नसे. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून किल्ल्यावरची चित्रे आणली. सिंहासनावर बसलेले महाराज, अकरा मावळे आणि एक तोफ.

अकरा मावळे आणणे ही माझी चूक. बारा आणायला हवे होते. बाराव्या मावळ्यावरून, म्हणजे नसलेल्या मावळ्यावरून, जे पेटले ते संध्याकाळपर्यंत विझेना. मी कॉलेजातून आलो, तर किल्ल्याच्या मधोमध एक विटांची रांग घातलेली. थोरला एका बाजूला, धाकटा दुसऱ्या बाजूला. एका डोंगराचे दोन किल्ले झाले होते.

मी त्या विटांकडे बघतच राहिलो. थोरला म्हणाला, "बाबा, आजीच्या नियमाने केलंय. मी दोन वाटे केले, त्याने आधी उचलला. भांडण नाही काही."

वाटे असे होते: एकात अकरा मावळे आणि तोफ, दुसऱ्यात एकटे महाराज. धाकट्याने क्षणाचाही विचार न करता महाराज उचलले होते. त्यामुळे एका किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसलेले, भोवती चिटपाखरू नाही. दुसऱ्या किल्ल्यावर अकरा मावळे तोफेसह सज्ज. पण मुजरा कोणाला करावा, हे त्यांना ठाऊक नाही. सोसायटीतली मंडळी येत होती, बघत होती आणि हसत होती. मलाही हसू यायला हवे होते. मी चप्पल शोधण्याचे निमित्त करून वर निघून आलो. सौभाग्यवती गॅलरीतून हे सारे बघत होती. तिने चहा पुढे ठेवला. रामशास्त्री वगैरे काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो, तर विटांची रांग नाहीशी झालेली. महाराज मध्ये, मावळे भोवती, तोफ दरवाज्यात. मला वाटले, पोरांना उपरती झाली! मोठ्या उत्सुकतेने मी विचारले, "काय रे, समेट कसा झाला?" दोघे माझ्याकडे असे बघू लागले की, समेट कशाशी खातात? थोरला घाईघाईने म्हणाला, "बाबा, बी विंगवाल्यांचा किल्ला आपल्यापेक्षा उंच झालाय. विटा कमी पडत होत्या. मधल्या घेतल्या." आणि पुन्हा चिखलात हात घालून कामाला लागला. कोणी कोणाची क्षमा मागितली नव्हती, कोणी कोणाला क्षमा केली नव्हती. गरज लागली आणि भिंतीच्या विटा काढून बुरुजाला लावल्या, एवढेच.

त्या रात्री जेवणे झाल्यावर धाकटा एक पत्र्याचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. मागे थोरला उभा. डब्यात सुटी नाणी आणि चुरगळलेल्या नोटा. "बाबा, मोज ना. ताईची ओवाळणी आहे. पाचशे एक भरले का?"

मी मोजले. पाचशे एक बरोबर भरले. "एवढे कशाला रे?"

"दोन वर्षांची बाकी राहिली ना?" धाकटा म्हणाला. "या वर्षीची धरून तीन वर्षांची."

"कोणाचे किती?"

"अडीचशे त्याचे, अडीचशे माझे," थोरला म्हणाला. वरचा एक रुपया कोणाचा, हे दोघांपैकी कोणीही सांगितले नाही. मीही विचारले नाही. आमच्या न्यायालयाच्या इतिहासात अशी रक्कम प्रथमच बेवारशी राहिली होती.

"या वर्षी रस्त्याला गर्दी आहे का?" धाकट्याने विचारले. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. सात वर्षांच्या मुलाला टोमणा मारता येत नाही. तो खरोखरच चौकशी करत होता.

मुले झोपल्यावर सौभाग्यवतीने माझा फोन आणून माझ्यापुढे ठेवला आणि ती आत निघून गेली. वीस-बावीस वर्षे मी मराठी भाषेवर पोट भरतो आहे; पण त्या रात्री मला पहिले वाक्य सुचेना. तीन वेळा नंबर काढला आणि तीन वेळा फोन खाली ठेवला. चौथ्यांदा घंटा वाजली आणि पलीकडून आवाज आला, "हं, बोल." जणू काही आमचे सकाळीच बोलणे झाले होते.

"दादा, भाऊबीजेला येऊ का?"

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "किती जण?"

"चौघं."

"लवकर निघा. खंबाटकीत गाड्या अडकतात." पुन्हा शांतता. मला वाटले फोन ठेवला. तेवढ्यात म्हणाला, "आणि किल्ली आण. तुझ्या बाजूचं कुलूप गंजलंय. मी तेल सोडून ठेवतो."

भाऊबीजेला पहाटेच स्वारगेटहून एस.टी. धरली. शिरवळपर्यंत खिडकी धाकट्याची, तिथून पुढे थोरल्याची, असा निकाल गाडी सुटण्यापूर्वीच द्यावा लागला. घरापाशी पोचलो तर दादा पुढच्या ओट्यावर उभा होता. कुलपातून तेलाचे ओघळ दारावर आले होते. किल्ली आत गेली, पण फिरेना. मी जोर लावला, मग दादाने लावला, मग मी कुलूप धरले आणि त्याने किल्ली फिरवली. दार उघडले. आत दोन वर्षांची धूळ होती आणि समोर ती भिंत.

वहिनी मागच्या बोळातून वळसा घालून केरसुणी घेऊन आल्या. पुतणीने ओसरीवर पाट मांडले, रांगोळी काढली आणि दोघांना ओवाळले. धाकट्याने डबा तसाच्या तसा तिच्या ताटात ओतला. दोन नाणी घरंगळत भिंतीपर्यंत गेली. ओवाळून झाल्यावर पोरगी म्हणाली, "काका, बाबा, तुम्हीही बसा." दादा म्हणाला, "अगं, मुलीने बापाला ओवाळायचं नसतं भाऊबीजेला." ती म्हणाली, "मग नुसते बसा." आम्ही बसलो. शेजारी शेजारी. दोन मिनिटे असू. दोघेही समोर बघत होतो.

वाचकहो, भिंत पडली असे मी लिहिले असते तर तुम्हांला बरे वाटले असते. पण ती अजून तिथेच आहे. एका भाऊबीजेने भिंती पडत नाहीत. वाटणीचे कागदही जिथल्या तिथे आहेत आणि एक गुंठा अजून माझ्याच नावावर आहे. एवढेच झाले की, निघताना मी दुसरी किल्ली वहिनींच्या हातात दिली. आता दादाकडची माणसे पुढच्या दाराने ये-जा करतात. यंदा पावसाळ्याच्या आधी घर शाकारून घेतले, दोन्ही बाजूंचे एकदमच. खर्च किती आला, हे दादाने अजून सांगितलेले नाही. मी विचारतो आणि तो पावसापाण्याचे बोलू लागतो.

या मे महिन्यात दादा डोळे तपासायला म्हणून पुण्याला आला आणि आमच्याकडे दोन दिवस राहिला. पेटीतले आंबे पिकले होते. जेवताना मी आंबे कापले, फोडी सर्वांना वाटल्या आणि एक चांगली भरलेली कोय त्याच्या ताटात ठेवली. त्याने ती उचलून पुन्हा माझ्या ताटात टाकली.

"नको रे, माझे दात शिवशिवतात."

मी त्याच्याकडे पाहिले. तो त्रेपन्न वर्षांचा आहे. यावेळी ते कदाचित खरेही असेल. मी काही बोलणार, तेवढ्यात थोरला ओरडला, "बाबा, ती कोय माझी!" आणि धाकटा पाटावरून उठून म्हणाला, "काल पण त्यानेच खाल्ली होती! बाबा, आधी माझं ऐक!"

दादा मिस्कीलपणे माझ्याकडे बघत होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "द्या निकाल, रामशास्त्री!"

कोय माझ्याच ताटात होती. मी निकाल राखून ठेवला आणि ती चोखायला सुरुवात केली.